पश्चिमेस समुद्र

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावात होतो. कर्जासाठी आलेली खरेदीखते तपासताना चतुःसीमा आधी वाचायची, ही सवय तिथलीच. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांची बाग, उत्तरेस वहाळ आणि पश्चिमेस समुद्र. या शेवटच्या दोन शब्दांवर मुंबई-पुण्याच्या खरेदीदाराची नजर रेंगाळे. जणू समुद्रही खरेदीत आला! वास्तविक अर्थ उलटा. समुद्र सुरू झाला, तिथे आपली मालकी संपली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भरतीरेषेखालचा समुद्रतळ सरकारचा, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सांगतो. समुद्रकिनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचे सरकार केवळ विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात म्हटले. म्हणजे वाळूवर उभे राहून रापण ओढणाऱ्याला बंगलेवाला हटकू शकत नाही.

रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर माणसे किनाऱ्यावरून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करतात. त्याला पाणी लागते तशीच मोकळी वाळूही लागते. पण त्या वाळूपर्यंत जायचे कसे? वाट जाते ती कुणाच्या तरी माडांच्या बागेतून. तंटा उभा राहतो तो तिथे.

अशाच एका जागेची पाहणी मी केली होती. मी मोजणीचा नकाशा घेऊन उभा असताना डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक म्हातारी माझ्यासमोरून बागेतून गेली. नकाशात वाट नव्हती. मी अहवालात लिहिले, ‘जागा मोकळी, वाद नाही.’ कर्ज मंजूर झाले. पुढे तिथे चिरेबंदी कुंपण आले, फाटकाला कुलूप लागले आणि रापणकारांना दोर-टोपल्या घेऊन लांबचा वळसा पडला.

नव्या मालकालाही खलनायक ठरवू नये. त्याने आयुष्याची पुंजी घातली होती. पहाटेचा गलका, कुंपणाबाहेर कुजणारी मासळी, हे त्याचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. शिवाय जमीन विकणारा गावातलाच होता. पैसे घेताना त्यानेही वाटेचा उल्लेख केला नाही.

वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो, असे १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो. पण तो कोर्टात शाबीत करावा लागतो, आणि ज्यांच्या पिढ्या कागदाविना त्या वाटेने गेल्या, त्यांनाच पुरावा मागितला जातो. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीची पट्टी दोनशे मीटरवरून पन्नासवर आणण्याची सोय केली. कुंपणे वाळूच्या आणखी जवळ येऊ शकतील. म्हणून गावोगावच्या ग्रामसभांनी आपल्या समुद्रवाटा आताच नकाशावर आणि दप्तरात नोंदवून घ्याव्यात. एकदा भिंत उभी राहिली की बोलणी वकिलांमार्फत होतात.

आणि किनाऱ्यावर जागा घेणाऱ्याने, तसेच त्याला कर्ज देणाऱ्यानेही, चतुःसीमा वाचून झाल्यावर गावात एक प्रश्न विचारावा: या जमिनीतून कोण ये-जा करते? उत्तर माझ्यासमोरून चालत गेले होते. मी विचारलेच नाही.