कुंडली दाखवा, पण कार्ड लपवा?

मित्रहो, आम्ही पडलो लातूरच्या कॉन्व्हेंटचे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण 'लातूर पॅटर्न'मध्ये बायोलॉजी इतकं घोकलंय की सिकलसेलचं उत्तर आजही झोपेत लिहीन. अकराव्या गुणसूत्रावर 'एचबीबी' नावाचं जनुक. त्यात एका जागी 'ए'ऐवजी 'टी', म्हणून हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस्स! कॉम्प्युटरवाल्यांनो, अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एक कॅरेक्टर चुकलं. ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडांत जीवघेण्या कळा येतात.

उत्तरात एक गोष्ट नव्हती. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, आणि आपलं किनवट-माहूर त्या पट्ट्याला लागूनच आहे. आमच्या मजल्यावर तिकडची एक मुलगी राहते. थंडीत तिचे गुडघे धरतात. "सबमिशन आलं की हिचं दुखणं सुरू," असं म्हणणाऱ्या आहेतच. तिच्या थोरल्या बहिणीला आजार नाही, ती नुसती वाहक. तरी तपासणीचं कार्ड ट्रंकेत तळाशी, कारण सोयरीक चाललीय.

मला राग येतो तो इथे. छत्तीस गुण जुळवायला पत्रिका दोघांची लागते, मग कार्ड मुलीचंच का? वाहक म्हणजे रोगी नव्हे. जोडीदाराचं रक्त तपासणीत निर्दोष निघालं, तर मुलांना हा आजार होत नाही. दोघंही वाहक असले तर मात्र प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. नाणं मागची फेक लक्षात ठेवत नाही, हे एम-थ्रीत सगळ्यांनी केलंय!

1 जुलै 2023 ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी, मुदत 2047. चांगलंच आहे. पण 'निर्मूलन' हा शब्द मला खटकतो. हे जनुक टिकलं कारण वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही. त्याला 'खराब रक्त' कोण म्हणतं?

2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्यात 'एचबीबी'ला हातच लावत नाहीत. 'बीसीएल-11-ए' या दुसऱ्या जनुकाचं काम मंदावतात, मग जन्मानंतर बंद पडलेलं बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू होतं. शुद्ध बायपास! अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. असो. आपल्या तालुक्याला हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळाली तरी पुष्कळ कळा वाचतील.

कॉलेजने एवढं करावं. ॲडमिशनला रक्तगट विचारता, तेव्हा ज्याला हवी त्याची सिकलसेल तपासणी करा, मुलं-मुली दोघांची. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. नोटीस बोर्डावर नको. आणि रेक्टर मॅडम, थंडीत गरम पाण्याची पहिली बादली तिला द्या. अर्ज सोमवारीच दिलाय.