गिधाड दिसते, बंदूक दिसत नाही

करपलेल्या जमिनीवर एक मूल कपाळ मातीला टेकवून पडले आहे. हातापायांच्या काड्या झालेल्या. मागे थोड्या अंतरावर एक गिधाड स्वस्थ बसले आहे. दक्षिण आफ्रिकेचे छायाचित्रकार केव्हिन कार्टर यांनी सुदानच्या दक्षिण भागात टिपलेले हे छायाचित्र मार्च १९९३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले. १९९४ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी जुलैत कार्टर यांनी आत्महत्या केली. तेव्हापासून एकच प्रश्न चघळला जातो : त्यांनी कॅमेरा खाली ठेवून ते मूल उचलले का नाही?

मला हा प्रश्न अपुरा वाटतो. एकट्या छायाचित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, की पाहणारे लाखो जण निर्दोष सुटतात. विचारायला हवे ते हे, की चौकटीत काय आलेच नाही? सुदानमध्ये १९८३ पासून यादवी युद्ध पेटले होते. गावे जाळली जात, गुरे लुटली जात, मदतीचे धान्य अडवले जाई. ती उपासमार निसर्गापेक्षा माणसांनीच अधिक घडवली होती. १९८५ पर्यंत तेथे सत्तेवर असलेल्या नुमेरी यांच्या राजवटीला खुद्द अमेरिकेची लष्करी मदत मिळत होती. चित्रात मात्र गिधाड दिसते, बंदूक दिसत नाही. मग न्यूयॉर्कचा वाचक हळहळतो आणि 'आफ्रिका ही अशीच' म्हणून पान उलटतो.

जी गत कारणाची, तीच नावाची. त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचकांनी विचारले तेव्हा ते अन्नकेंद्रापर्यंत पोहोचले की नाही हे ठाऊक नाही, असे वृत्तपत्राला लिहावे लागले. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरील हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवा. पेशावरजवळच्या निर्वासित छावणीतील ते डोळे जगाला पाठ झाले. पण तिचे नाव शरबत गुला, हे छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना कळले २००२ मध्ये!

अशा चित्रांमुळे मदतीचा ओघ सुरू होतो, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे आणि ती करुणाही खोटी नाही. परंतु कारण न सांगता जागवलेली करुणा वर्गणी देऊन शांत होते. शस्त्रे कोणी पुरवली, हे ती विचारत नाही.

आणि हा दोष केवळ पाश्चात्त्यांचा आहे काय? दुष्काळ पडला की भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे डोळे लावलेला म्हातारा आपली वृत्तपत्रेही छापतात. त्या म्हाताऱ्याचे नाव काय आणि धरणाचे पाणी कुठे मुरले, हे चित्राखालच्या दोन ओळींत सांगायला जागा पुरत नाही, असे थोडेच आहे?