टँकर मोजा, मग फ्लॅट घ्या
भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताय? मग पुण्यातल्या वाकड-हिंजवडीची चकचकीत माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी ७ वाजता सोसायटीच्या गेटपाशी उभे राहा. पाण्याचे टँकर मोजा. तो खर्च मेंटेनन्समधून तुमच्याच खिशातून जाणार आहे. वॉचमनला विचारा, रिकामे फ्लॅट किती आणि कधीपासून? मला हा प्रश्न भाड्याच्या आकड्याहून मोलाचा वाटतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा. पुढे दोन महिने कुलूप राहिलं, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. उलट सोयीच्या जागी भाडेकरू टिकतो: माझ्या ओळखीचं एक कुटुंब कोथरूडच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत सहा वर्षं भाड्याने राहिलं. मुलीची शाळा दोन चौकांवर होती, आणि भाजीवाला गेटसमोर.