हृदयाची झडप : धातूची की कातड्याची?



या खेपेला स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवूया. आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम वेगळं काढलं होतं. लिहिणारीचं वय सव्वीस, लग्नाला तीन वर्षं झालेली, अजून मूल नाही. लहानपणी घसा सुजून मागाहून सांधे धरणारा ताप येऊन गेला. त्यानं हृदयाच्या डाव्या बाजूची, दोन कप्प्यांमधली झडप निकामी केली. डॉक्टर म्हणतात, झडप बदलू. धातूची हवी की टिश्यूची? टिश्यूची म्हणजे जनावराची, हे कळताच सासूबाईंनी देवघरातूनच 'नको' म्हटलं. यजमान म्हणतात, डॉक्टर ठरवतील ते खरं. 'मी काय म्हणू ते मलाच कळत नाही,' असं तिनं शेवटी लिहिलंय.

आता बाई, झडप बसायची तुझ्या छातीत, तेव्हा म्हणणं तुझंही हवंच. त्यासाठी ही टिश्यूची झडप बनते कशी ते आधी नीट समजून घे.

जनावराचं अख्खं हृदय काही कोणी बसवत नाही, बरं का! एक तर डुकराच्या हृदयातली झडप घेतात, नाही तर गाईबैलांच्या हृदयाभोवती पातळ, चिवट आवरण असतं ते घेतात. त्यावरची चरबी सोडवायची, स्वच्छ धुवायचं, जाडी मोजून सारखा भाग निवडायचा. पण असं कच्चं कातडं आत शिवलं तर ते टिकणार नाही, आणि शरीरही परकं म्हणून त्याच्यावर तुटून पडेल. म्हणून ते कमावावं लागतं. हो, कमावणंच. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात ना, तत्त्व तेच. इथं सालीच्या जागी ग्लुटराल्डिहाइड नावाचं रसायन येतं. चामड्याच्या धंद्यातही ते वापरतात.

कातड्यात कोलॅजनचे धागे असतात. गोधडीचे थर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात, धावदोरा घातला की घट्ट बसतात. हे रसायन त्या धाग्यांना असेच टाके घालतं. तेही अगदी पातळ करून, शंभर भागांत एक भागाहूनही कमी. पेशी मरतात, धागे पक्के होतात, आणि परकेपणाच्या खुणा पुष्कळशा झाकल्या जातात.

हे एकदम नाही जमलं. १९६५ साली पॅरिसमध्ये बिने आणि कार्पेंतिये या डॉक्टरांनी डुकराची झडप माणसाला बसवली, तेव्हा ती वेगळ्या औषधांत ठेवलेली होती. तशा झडपा थोड्याच वर्षांत खराब झाल्या. पुढे १९६८च्या सुमारास कार्पेंतिये यांनी ग्लुटराल्डिहाइड वापरलं आणि झडपा टिकू लागल्या. गाईबैलांच्या आवरणाची झडप १९७१ साली इंग्लंडात लीड्सला इओनेस्कू यांनी आणली.

कमावलेल्या आवरणाच्या पाकळ्या कापून त्या कापडानं मढवलेल्या कड्यावर शिवतात. यंत्रांच्या या काळातही हे शिवण हातचं, भिंगाखालचं, आणि शिवणाऱ्या बहुतेक बायकाच! ब्लाउजच्या बाहीला चुणी पडली तर आपण उसवतो. इथं पाकळी जराशी ओढली गेली तर झडप गळणार.

तयार झडप बहुधा रसायनात बुडवलेली, बरणीत बंद होऊन इस्पितळात येते. ती गोठली तर फुकट गेली. बसवण्याआधी सलाइनच्या दोन-तीन भांड्यांत, घड्याळ लावून, खळबळून काढतात. रसायनाचा अंश रक्तात जाता कामा नये. (अलीकडे धुवावी न लागणारी, कोरडी ठेवलेली झडपही निघाली आहे.) धुतल्यावर टाके पूर्ण होईपर्यंत ती वाळूही द्यायची नसते.

आता उणी बाजू. कमावलेलं कातडं मेलेलं असतं, त्याची झीज भरून येत नाही. शिवाय पाणी तापवायच्या भांड्यात पांढरी खर बसते, तसा या पाकळ्यांवर कॅल्शियम बसतो. त्या ताठ होतात, कधी फाटतात. गंमत अशी, की हे तरुण शरीरात लवकर होतं. पासष्टीनंतर बसवलेली झडप पंधरा वर्षं किंवा जास्तही जाते. पंचविशीतलीला दहा वर्षांतच पुन्हा शस्त्रक्रियेला जावं लागू शकतं.

मग धातूची? ती सहसा झिजत नाही. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं स्वतःची यांत्रिक झडप तयार केली, १९९० साली ती पहिल्यांदा माणसाला बसवली. पण अशा झडपेवर रक्ताची गाठ धरते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि वरचेवर रक्त तपासायचं. मेथी-पालक बंद नाही, पण एक आठवडा रोज नि एक आठवडा मुळीच नाही असं चालत नाही. डोकं दुखलं म्हणून मनानं गोळी घ्यायची नाही.

आणि मूल हवं असेल तर खरी अडचण इथंच आहे. वॉरफेरिन ही नेहमीची गोळी गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळाच्या घडणीला धोका करते. ती थांबवावी तर झडपेत गाठ होऊन आईच्याच जिवावर बेतते. गरोदरपणात तर रक्त मुळातच लवकर गोठतं. अशा बायकांची बाळंतपणं होतात, पण औषधं बदलून, हृदयाच्या डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली. पाळी चुकली तर वाट न बघता त्यांना गाठायचं, आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

म्हणून तुझ्यासारख्या मुलींना टिश्यूची झडप सुचवतात. तीत ही गोळी बहुधा तीनेक महिनेच लागते. मात्र हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ती टिश्यूच्या झडपेलाही चालू ठेवावी लागते. तेव्हा हे आधी विचार. त्याहीआधी विचार, की झडप बदलायलाच हवी का? काही जणींची अरुंद झडप फुग्यानं रुंद करता येते, काहींची दुरुस्त होते. आपली झडप वाचत असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च, धोका हेही यजमानांना समोर बसवून ऐकव. पुढं ते दोघांनाच निभवायचं आहे.

सासूबाईंचं 'नको' हसण्यावारी नेऊ नका. झडप कोणत्या प्राण्याची हे विचारायचा हक्क आहे; डुकराची नको, गाईची नको, हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगायला लाजू नये. माणसानं मरणोत्तर दिलेली झडपही असते. लंडनला रॉस यांनी १९६२ साली अशी झडप बसवली. हिला मात्र कमावत नाहीत. प्रतिजैविकांत ठेवून, मिनिटाला एक अंश अशी हळूहळू गोठवून द्रव नायट्रोजनच्या थंडीत जपतात. पण ती मिळणं दुर्मीळ, आणि तुझ्या झडपेच्या जागी ती सहसा बसवतही नाहीत. तेव्हा तुझा निवाडा बहुधा धातू आणि कातडं यांच्यातच व्हायचा.

झडप कोणतीही बसो, तिचं कार्ड मिळतं. त्यावर जात, माप, क्रमांक असतो. ते पर्समध्ये ठेव, कपाटात नको. आणि दात काढायचा झाला तर डॉक्टरांना आधी ते दाखव. हिरडीतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात, म्हणून आधी प्रतिजैविक औषध घ्यावं लागतं.