परसबाग : टोमॅटोची तहान

परसात टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. रोप जोमाने वाढते, फुलते, फळेही धरतात. परंतु काही फळांच्या तळाशी काळा, खोलगट डाग पडतो, तर काही फळे पिकता पिकता तडकतात. लगेच औषधाची चौकशी सुरू होते. आमच्या मते प्रथम चौकशी करावी ती पाण्याची.

तळाचा तो डाग मुळात कीड अथवा बुरशी नव्हे. वाढत्या फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे. कॅल्शियम मातीत पुरेसे असले तरी मुळांतून ते पाण्याबरोबरच वर चढते, आणि पाण्याचा मोठा ओघ पानांकडे जातो. पाण्यात खंड पडला की पहिला उपास घडतो तो फळाच्या टोकाला. तडकण्याचे कारणही असेच. कोरड्या दिवसांत साल ताठरते. मग एकदम भरपूर पाणी मिळाले की आतला गर फुगतो आणि साल फाटते. चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी दोन बादल्या ओतायच्या, ही रीत टोमॅटोला मानवत नाही.

अति पाणीही तितकेच घातक. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही व पाने मलूल होतात. ते पाहून झाड तहानले आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते! म्हणून पानांकडे पाहून निर्णय करू नये. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती ओलसर, पण चिखल नाही, अशा स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. तो टिकवणे हेच खरे काम. इंदूरकडील काळी माती ओल पुष्कळ दिवस धरते. बडोद्याकडील हलकी गोराडू माती लवकर सुकते. तेव्हा शेजारच्या गावचे वेळापत्रक आपल्या वाफ्याला लावू नये.

फुलोरा, फळधारणा आणि फळ पोसण्याचा काळ, यांत तर हयगय मुळीच नको. तेव्हा ताण बसला तर फुले गळतात, फळे लहान राहतात. फळे पूर्ण आकाराची होऊन रंग धरू लागली, की मात्र पाणी हळूहळू कमी करावे. टोमॅटोत शेकडा ९४ च्या आसपास पाणीच असते. ते किंचित घटले की साखर व आंबटपणा दाट होतो आणि चव खुलते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात कारखान्यांसाठी टोमॅटो पिकवणारे शेतकरी तोडणीपूर्वी काही आठवडे पाणी तोडतात, ते यासाठीच. रस आटवण्याचा खर्च वाचतो. तथापि या गोडीची किंमत वजनात मोजावी लागते. मंडईत किलोवर विकणाऱ्याला ती परवडेलच असे नाही. घरच्या ताटासाठी पिकवणाऱ्याने अवश्य मोजावी.

उन्हाळ्यात जेथे नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेथे हे सर्व साधावे कसे? बुडाशी वाळक्या पानांचा वा पाचटाचा तीन बोटे जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये. दोन रोपांमध्ये मातीचे कोरे, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे व तोंड झाकावे. ते पाझरत राहते आणि मुळे हवे तेवढे पाणी घेतात. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी चालेल, साबणाचे नको. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. पाने भिजत राहिली की करप्याला आमंत्रण मिळते.

आणि एवढे करूनही पाणी अपुरेच पडत असेल, तर रोपेच कमी लावावीत. अर्धपोटी ठेवलेल्या सहा रोपांपेक्षा नेमाने पाणी मिळालेली दोन रोपे घराला अधिक सुखाने पुरतात.