मंद रेणूंची महती

आपल्या भोवतालची हवा स्तब्ध भासली, तरी तिच्यातील नायट्रोजनचे रेणू दर सेकंदास सुमारे ५०० मीटर वेगाने धावत असतात. एक मीटर लांबीची निर्वात नळी असा रेणू अवघ्या दोन सहस्रांश सेकंदांत ओलांडतो. इतक्या अल्प अवधीत त्याचे निरीक्षण ते कितीसे सूक्ष्म होणार? निरीक्षणास अधिक वेळ लाभला, की मापन अधिक अचूक होते. म्हणूनच रेणूंस मंद करण्याची विद्या मोलाची ठरते.

येथे ‘थंड’ आणि ‘मंद’ यांतील भेद ध्यानी घ्यावा. दाबाखालील वायू बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत सोडला असता तो अतिशय थंड होतो. म्हणजे त्यातील रेणूंच्या वेगांतील परस्पर तफावत फारच कमी होते. परंतु शिस्तीत धावणाऱ्या पलटणीप्रमाणे ते सारे मिळून भरधाव पुढे जातच असतात.

ही धाव आवरण्याची एक युक्ती १९९९ साली नेदरलँड्समधील नायमेखेन येथे हेरार्ट मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंना त्यांनी विद्युत्क्षेत्राचे चढ चढावयास लावले. रेणू माथ्याजवळ येताच क्षेत्र बंद केले जाई. त्यामुळे उतारावर वेग परत मिळत नसे. असे अनेक चढ चढताना वेग सेकंदास २२५ मीटरांवरून ९८ मीटरांवर आला.

दुसरी रीत म्हणजे अतिशीत वायूने भरलेल्या डबीत रेणू निववून त्यांचा झोत बाहेर सोडणे. अमेरिकेत हार्वर्ड येथे अशाच झोतातील थोरियम मोनॉक्साइडच्या रेणूंवरून इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भाराच्या मांडणीत लेशमात्र असमतोल आहे काय, हे तपासण्यात आले. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य अधिक का, या कोड्याशी त्या प्रश्नाचा संबंध आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मापनातही असमतोल आढळला नाही.

मग हा खटाटोप व्यर्थ गेला काय? आमच्या मते मुळीच नाही. असमतोल असलाच, तर तो किती सूक्ष्म असला पाहिजे, हे आता निश्चित झाले; आणि नव्या कणांचे भाकीत करणाऱ्या अनेक कल्पनांना त्यामुळे मर्यादा पडली. ज्या कणांसाठी अनेक किलोमीटर परिघाचे त्वरक उभारले जातात, त्यांविषयी एका दालनात मावणारे यंत्रही साक्ष देऊ शकते. आपल्या शाळांतून प्रचंड यंत्रांचे कौतुक अवश्य व्हावे; पण त्याच तासाला या मंद रेणूंची हकीकतही सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.