ब्रेक ऑइलला वय असतं!

आपल्या खानदेशात इंजिन ऑइलवर प्रत्येकाचं मत असतं. कुठलं घालावं, किती किलोमीटरला बदलावं... जळगावच्या कुठल्याही टपरीवर विषय काढून बघा. पण "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लेव्हल उतरली की टाकतो ना थोडं!"

माझं भांडण आहे ते या 'थोडं टाकण्याशी'.

ब्रेक ऑइल जळत नाही, संपत नाही. लेव्हल उतरली म्हणजे पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. वरून ओतलं की ती खूणच पुसली जाते. आणि आतलं जुनं तसंच राहतं. नावात ऑइल असलं तरी हे ग्लायकॉलच्या जातीचं द्रव. हवेतलं पाणी हळूहळू शोषतं. गाडी वर्षभर अंगणात उभी असली तरीही! डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून याचा हिशोब वर्षांत करायचा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दोन-तीन वर्षं लिहिलेली असतात, वाचतं कोण!

आता तुम्ही म्हणाल, १४० अंश होणार कुठे? चाळीसगावचा कन्नड घाट आठवा. बाराशे किलोची गाडी समजा ३०० मीटर खाली उतरली, तर साधारण ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दहा लिटर पाणी उकळीला येईल एवढी! गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये 'पेट्रोल वाचवत' उतरलात तर जवळपास सगळा ब्रेकवर. पाण्याची वाफ झाली की पेडल मऊ होतं, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर एक मालवाहू गाडी हॉटेलात घुसली, किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यात हे ऑइल नसतं, हे मान्य. पण उतारावर ब्रेक गेला की काय होतं हे आपल्याला लांबून शिकायला नको.

माझं मत असं, की हे काम एकदा तरी घरी करावं. दोन माणसं, एक रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि सीलबंद नवं ऑइल. जमीन सपाट, चाकांना दगड, जॅकखेरीज स्टँड. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते पुस्तिकेत बघा. इंजिन बंद. आतला पेडल हळू दाबून धरतो, बाहेरचा निपल थोडा उघडतो, काळपट ऑइल नळीत येतं. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं, आधी सोडलं तर हवा आत! स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. वरची टाकी मात्र कधीच रिकामी होऊ द्यायची नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

"जिवाशी खेळ कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पेडलच देतं. इंजिन चालू करून दाबल्यावर ते घट्ट लागलं नाही, किंवा धरून ठेवल्यावर खाली जात राहिलं, तर गाडी हलवायची नाही. सरळ मेकॅनिकला घरी बोलवा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर लागतो, तिथे हट्ट नको. (एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे.)

आणि गॅरेजमध्येच करून घ्यायचं असेल तरी हरकत नाही. निदान घरी एकदा केलेल्या माणसाला नळीतून काय बाहेर यायला हवं हे ठाऊक असतं. त्याला कोणी 'टॉप-अप केलंय साहेब' म्हणून वाटेला लावू शकत नाही.

असो. पावसाळा संपला की मुहूर्त धरा, आणि बदलल्याची तारीख टाकीजवळ चिकटवून ठेवा.